आंबोली भेक

आंबोली भेक : उभयचर वर्गाच्या अपुच्छ गणातील ब्यूफोनिडी या भेक कुलात मोडणारा, महाराष्ट्रातील एका गावाच्या परिसरापुरता मर्यादित असलेला लहान प्राणी. त्याचे शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायगरिना असे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर सु. ७०० मी. उंचीवर वसलेले आंबोली हे गाव व त्याच्या लगतचा परिसर एवढेच त्याचे वसतिस्थान होय. पृथ्वीवर अन्यत्र तो आढळल्याची नोंद नाही. उष्ण कटिबंधातील वनांत राहणाऱ्या अनेक बेडकांचे अस्तित्व आज धोक्यात आहे. तथापि ज्याचे सगळे जग एका गावाच्या शिवारात सामावलेले आहे, असा प्राणी त्यांतही विरळा.

भेक आणि बेडूक यांत शास्त्रीय दृष्ट्या काटेकोर सीमारेषा नाही. ज्याची त्वचा कोरडी व खरखरीत असते, मागचे पाय तुलनेने आखूड असतात आणि जो लांब उड्या न मारता सरपटत किंवा छोट्या उड्या घेत चालतो, त्यास सामान्यतः भेक म्हणतात. आंबोली भेक या वर्णनात बसतो. त्याची लांबी सु. ३ सेंमी. असते, म्हणजे पूर्ण वाढलेला प्राणी हाताच्या अंगठ्याच्या पेरावर सहज मावेल. पाठ तपकिरी, चामखिळींनी भरलेली आणि जांभ्या दगडाच्या रंगाशी मिळतीजुळती असते. कुशीवर मात्र ठळक पिवळे पट्टे व ठिपके असतात. वंशाचे नाव या रंगावरून आले आहे : ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा आणि फ्रायनी म्हणजे भेक. जातीचे नाव कुशीवरील वाघासारख्या पट्ट्यांवरून दिले गेले.

या प्राण्याची शास्त्रीय ओळख अगदी अलीकडची आहे. सत्यभामा दास बिजू, इनेस व्हॅन बॉक्सलेअर, वरद गिरी, सायमन लोडर व फ्रँकी बोसाइट या संशोधकांनी २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच निबंधात त्यांनी झँथोफ्रायनी हा नवा वंश स्थापन केला आणि त्यात आणखी एका जातीचा समावेश केला. ती जाती म्हणजे कोयना भेक. सोमन यांनी १९६३ मध्ये सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातून तिचे वर्णन केले होते. तेव्हा ती ब्यूफो या जगभर पसरलेल्या, अवाढव्य वंशात घातली गेली होती. कोयनेचे धरण बांधले जात होते आणि शिवसागर जलाशय भरू लागला होता, त्याच काळातील हे संशोधन आहे. (सोमन यांचे नाव त्याच वर्षी वर्णन केलेल्या आणखी एका प्राण्याशी जोडलेले आहे : रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवर राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची पाल. तिचे वर्णन त्यांनी ब्रिटिश म्यूझियममधील ॲलिस ग्रँडिसन यांच्यासमवेत केले. सड्यांवरील प्राण्यांकडे तोवर फारसे कोणाचे लक्ष गेलेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन्ही शोधांचे मोल कळते.) कोयना भेक कोयना व चांदोली या परिसरात आढळतो. म्हणजे झँथोफ्रायनी वंशाच्या दोन्ही ज्ञात जाती महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच आहेत, आणि दोहोंमध्ये डोंगररांगेचे दीर्घ अंतर आहे.

आंबोलीसारख्या वर्दळीच्या ठिकाणी, रस्त्याच्या कडेला राहणारा प्राणी २००९ पर्यंत अनामिक कसा राहिला, असा प्रश्न साहजिकच पडतो. आंबोली हे एकोणिसाव्या शतकापासूनचे थंड हवेचे ठिकाण आहे आणि वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावकडे जाणारा जुना मार्ग त्यावरूनच जातो. परंतु भारतातील उभयचरांचे ज्ञान दीर्घकाळ संग्रहालयांतील मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांवर आधारलेले होते. जॉर्ज ॲल्बर्ट बूलेंजर यांच्या १८९० मधील ग्रंथानंतर कित्येक दशके नव्या जातींची भर संथपणे पडत गेली. मद्यार्कात रंग उडतो, आवाज तर उरतच नाही. त्यामुळे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती एकाच नावाखाली जमा होत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून रात्रीच्या रानात फिरून आवाजांचे ध्वनिमुद्रण करणे आणि डीएनएची तुलना करणे या दोन पद्धती रूढ झाल्या आणि चित्र पालटले. भारतातील ज्ञात उभयचर जातींची संख्या आता चारशेच्या पुढे गेली आहे. त्यांतील मोठा वाटा पश्चिम घाटाचा असून तेथील बहुसंख्य जाती प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या आहेत. आंबोलीनेच या यादीत अनेक नावे घातली. आंबोलीवरून नाव मिळालेला झुडपी बेडूक २००९ मध्ये, तर सड्यावरील मातीत राहणारा एक छोटा बेडूक २०१७ मध्ये सोनाली गर्ग व बिजू यांनी प्रकाशात आणला.

आंबोली भेकाचे जीवन समजून घ्यावयाचे, तर प्रथम सडा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा आहे. उष्ण हवामान आणि धुवांधार पाऊस यांच्या दीर्घकालीन क्रियेने या खडकातील सिलिका व विद्राव्य क्षार वाहून जातात; मागे लोखंड व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात आणि त्यांचा तांबडा, सच्छिद्र, उघडा पडला की कठीण होणारा थर बनतो. हाच जांभा. डोंगरमाथ्यावर किंवा कोकणपट्टीत जेथे जांभ्याचा सपाट थर उघडा पडलेला असतो, त्या भूमीला सडा किंवा कातळ म्हणतात. उन्हाळ्यात सड्यावर उभे राहिले, तर वाळलेले गवत, काळवंडलेला तापलेला दगड आणि क्षितिज यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. मृगाच्या सरी कोसळल्या की तीच भूमी ओळखू येत नाही. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. खडकातील प्रत्येक खळग्यात पाणी साचते, भेगांतील चिमूटभर मातीत सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशा वनस्पती उगवतात. यांतील सीतेची आसवे व दवबिंदू कीटकभक्षक आहेत. जांभ्याच्या निकस मातीत नायट्रोजन मिळत नाही, तो त्या कीटकांतून मिळवितात. सप्टेंबर–ऑक्टोबरपर्यंत हा सगळा बहर ओसरतो. सड्यावरील प्रत्येक सजीवाला आपले वर्षाचे काम या चार महिन्यांत उरकावे लागते.

आंबोली भेक ते काम त्याहूनही घाईने उरकतो. वर्षाचा बहुतेक काळ तो दगडांखाली, भेगांत आणि सड्याच्या कडेच्या झाडीतील पालापाचोळ्यात दडलेला असतो. पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरींनंतर नर मोठ्या संख्येने उघड्या खडकावर येतात व ओरडू लागतात. हा प्रजननाचा काळ फार थोडा, मोजक्या दिवसांचा असतो; एवढ्या अवधीत सर्व नर-मादी एकत्र येतात. निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी या वंशाच्या प्रजननाचा अभ्यास करून २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक बेडकांप्रमाणे येथेही निषेचन शरीराबाहेर होते : नर मादीच्या पाठीवर बसून तिला घट्ट धरतो आणि ती अंडी घालत असता त्यांवर शुक्राणू सोडतो. विशेष आहे ती जागा. अंडी ओढ्यात किंवा तळ्यात नव्हे, तर जांभ्याच्या उथळ खळग्यांत साचलेल्या पाण्यात घातली जातात. या पाण्याची खोली अनेकदा बोटाच्या पेराएवढीही नसते.

अशा जागेचा लाभ उघड आहे. एवढ्या उथळ पाण्यात मासे नसतात आणि मोठे भक्षक कीटकही कमी असतात. सूर्यप्रकाश मिळाला की पाणी लवकर ऊब धरते व भैकेरांची वाढ झपाट्याने होते. धोकाही तितकाच उघड आहे. जूनमध्ये पावसाने दोन-चार दिवस ओढ दिली, तर खळगा आटतो आणि त्यातील संपूर्ण पिढी वाळून जाते. अति मुसळधार सर आली, तर अंडी कातळावरून वाहून जातात. आपल्या घरांभोवती आढळणारा सामान्य भारतीय भेक हा या बाबतीत अगदी उलट मार्गाने जातो. त्याची मादी एका वेळी हजारो अंडी लांबच लांब दोरीसारख्या माळांत घालते. त्यांतील बहुतेक नष्ट झाली, तरी काही उरतात, आणि कोणतेही डबके, विहीर किंवा नाला त्याला चालतो. आंबोली भेकाची अंडी संख्येने थोडी असतात. त्याची सर्व भिस्त जागेवर असते.

टायगरिना हे नाव आंबोली भेकाच्या आधी दोन शतके दुसऱ्या एका बेडकाला मिळालेले आहे आणि या दोहोंची तुलना उद्‌बोधक ठरते. १८०२ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी राना टायगरिना या नावाने ज्याचे वर्णन केले, तो मोठा भारतीय बेडूक आता हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस या नावाने ओळखला जातो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विच्छेदनासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला बेडूक तो हाच. त्याचे क्षेत्र पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंतच्या मैदानी प्रदेशात पसरलेले आहे. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील येवला तालुका हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. तेथे वर्षभरात पाचशे मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस आंबोलीत भर पावसाळ्यातील आठवड्या-दोन आठवड्यांत पडून जातो. अशा अवर्षणप्रवण मुलखातही हा बेडूक टिकून आहे, कारण उन्हाळ्यात तो जमिनीत शिरून निपचित पडून राहतो आणि पहिल्या दमदार पावसाबरोबर शेतातल्या डबक्यांत प्रकट होतो. विणीच्या काळात त्याचा नर लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे स्वरकोश फुगवून ओरडतो. पावसाची व बेडकाची सांगड लोकमनात इतकी पक्की आहे की, पर्जन्यछायेतील गावांत पाऊस लांबला म्हणजे धोंडी काढण्याची प्रथा होती. निंबाचा पाला गुंडाळलेल्या मुलांची फेरी निघे आणि काठीला बेडूक बांधून घरोघरी पाणी मागितले जाई.

हा बेडूक इतका विपुल असूनही एकदा धोक्यात आला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होऊ लागली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती वर्षाला चार हजार टनांहून अधिक झाली. अमेरिका व पश्चिम यूरोपातील देश हे मुख्य ग्राहक होते. प्रत्येक बेडकाच्या केवळ मागच्या तंगड्या कामी येत. यावरून मारलेल्या बेडकांच्या संख्येची कल्पना यावी. बेडूक शेतातील कीटक खातो, त्याला मारून मिळालेले परकीय चलन कीटकनाशकांवरच खर्च होते, अशी टीका होऊ लागली. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध चिकाटीने लिहिले. (महाबळेश्वर परिसरातील रातबेडकाच्या एका जातीला १९५५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले होते.) संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा बेडूक १९८५ मध्ये समाविष्ट झाला आणि १९८७ मध्ये भारताने तंगड्यांच्या निर्यातीवर संपूर्ण बंदी घातली. चोरटी शिकार आजही होते. गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ या नावाखाली त्याचे मांस खपविले जाते. तरीही बेडूक सावरला. ज्या जातीचे क्षेत्र अर्ध्या उपखंडाएवढे आहे, तिच्यावरील शिकारीचा भार हलका झाला की ती पुन्हा वाढते.

आंबोली भेकाच्या बाबतीत हा उपाय लागू पडत नाही. तो कोणी खात नाही, विकत नाही, विच्छेदनासाठी पकडत नाही. त्याचा कोणीही शत्रू नाही, आणि हीच त्याच्या संरक्षणातील मुख्य अडचण आहे. कारण प्राण्याला मारण्यास बंदी करता येते, पण त्याचे खळगे बुजविणाऱ्याला आपण काही मारतो आहोत याची कल्पनाही नसते. सड्यावर एखादे घर उभे राहते, वाहने लावण्यासाठी जागा सपाट केली जाते, रस्ता रुंद होतो. यांतील एकही कृती गैर वाटत नाही. पावसाळ्यातील धबधबे आणि धुके पाहण्यासाठी जून ते ऑगस्ट या काळात आंबोलीत हजारो पर्यटक येतात. नेमका तोच हंगाम भेकांच्या हालचालीचा असतो. ओल्या रात्री भेक झाडीतून सड्याकडे निघतात आणि सावंतवाडी–बेळगाव मार्ग व त्याचे फाटे ओलांडताना चाकांखाली सापडतात. तीन सेंमी.चा, दगडाच्या रंगाचा प्राणी वाहनचालकाला दिसणे जवळजवळ अशक्यच.

जांभ्याचे रासायनिक घटक हेही संकटाचे एक कारण आहे. ज्या क्रियेने सडा तयार होतो, तीच पुढे गेली की ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढून बॉक्साइट बनते. दक्षिण महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील अनेक सड्यांखाली बॉक्साइट आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाड येथे त्याचे उत्खनन झाले. खाणीत सड्याचा वरचा थरच काढून टाकला जातो, आणि भेकाच्या दृष्टीने सडा म्हणजे केवळ तो थर होय. कोकणपट्टीच्या खालच्या सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी आहेत. तेथे सुरुंग लावून खडक फोडणे, बाहेरची माती आणून भरणे आणि आंबा-काजूच्या बागा लावणे हेही गेल्या काही दशकांत वाढले आहे. अशा बागांत मूळ सड्याच्या तुलनेने उभयचर कमी आढळतात, असे अलीकडील पाहणीत दिसून आले आहे. बागायतदाराच्या बाजूने पाहता, नापीक कातळातून उत्पन्न काढणे हे कौतुकाचेच काम ठरते.

येथे महसुली परिभाषेचा संबंध येतो. जी भूमी पिकत नाही ती नोंदीत पडीक किंवा पोटखराब म्हणून दाखविण्याची जुनी रीत आहे. उपग्रहचित्रांवरून तयार केलेल्या देशाच्या पडीक भूमीच्या नकाशांतही उघड्या खडकाची भूमी एक स्वतंत्र प्रकार म्हणून घातली गेली. वनकायद्यांचा सगळा रोख झाडांवर. ज्या जमिनीवर झाड नाही ती वन नव्हे, आणि वन नव्हे ती मोकळी, अशी समजूत त्यातून रुजली. सडा या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा सड्याचे महत्त्व सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचले, परंतु ते मुख्यतः फुलांमुळे. आंबोलीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून आंबोली, गेळे व चौकुळ या गावांतील जमीन गावकऱ्यांकडे सामाईक, कबुलायतदार गावकर या नात्याने होती. ती विसाव्या शतकाच्या अखेरीस शासनाच्या नावे नोंदली गेली आणि तेव्हापासून ती परत मिळावी व कुटुंबांत वाटून द्यावी, यासाठी ग्रामस्थांची मागणी चालू राहिली. घर बांधण्यासाठी स्वतःच्या नावाचा सातबारा नसलेल्या कुटुंबाला भेकाच्या खळग्यांसाठी थांबा असे सांगणे सोपे नाही. आणि वाटणी झाल्यावर तुकड्यातुकड्यांनी बदलणाऱ्या सड्यावर लक्ष ठेवणेही सोपे नाही.

चिमुकल्या क्षेत्रात राहणाऱ्या भेकांचे पुढे काय होते, याची दोन उदाहरणे जगात प्रसिद्ध आहेत. मध्य अमेरिकेतील कोस्टा रीका देशात माँतेव्हेर्दे येथील डोंगरमाथ्यावर, धुक्याच्या वनात सोनेरी भेक राहत असे. १९६६ मध्ये जे सॅव्हेज यांनी त्याचे वर्णन केले. नर लखलखीत नारिंगी रंगाचे असत आणि आंबोली भेकाप्रमाणेच पहिल्या पावसानंतर काही दिवस मुळांजवळच्या उथळ डबक्यांत एकत्र जमून लगेच अदृश्य होत. त्याचे क्षेत्र अवघ्या काही चौ. किमी.चे होते. १९८७ मध्ये पंधराशेहून अधिक भेक मोजले गेले. त्या वर्षी डबकी अकाली आटून बहुतेक अंडी व भैकेर नष्ट झाले. १९८८ मध्ये दहा दिसले, १९८९ मध्ये एक. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही आणि २००४ मध्ये तो निर्वंश झाल्याचे जाहीर करण्यात आले. विशेष म्हणजे हे वन आधीपासून राखीव होते आणि तेथे वृक्षतोड झालेली नव्हती. नाशाच्या कारणांत कवकजन्य रोग व त्या वर्षांतील असाधारण कोरडे हवामान यांचा उल्लेख केला जातो.

दुसरे उदाहरण टांझानियातील किहान्सी दरीचे. तेथील धबधब्याच्या तुषारांनी सतत भिजणाऱ्या सु. दोन हेक्टर गवताळ जागेत एक पिवळसर, अंडी न घालता पिले देणारा भेक राहत असल्याचे १९९६ मध्ये आढळले. त्याचे वर्णन छापून होईपर्यंत जलविद्युत्‌प्रकल्पाचे धरण पूर्ण होत आले होते. पाणी वळविल्यावर तुषार थांबले. संशोधकांनी सु. पाचशे भेक पकडून अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेले आणि दरीत कृत्रिम तुषारयंत्रे बसविली. पण काही वर्षांतच दरीतील समूह कोसळला आणि २००९ मध्ये ही जाती निसर्गातून नष्ट झाल्याचे घोषित झाले. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेल्या भेकांची पिढी २०१२ पासून पुन्हा दरीत सोडण्यात येऊ लागली. टांझानियाला विजेची निकड होती, ही गोष्टही येथे नजरेआड करता येत नाही. दोन हेक्टर ओल्या गवताच्या बदल्यात शहरांना वीज मिळाली, आणि ते गवत टिकवण्यासाठी पुढे पुष्कळ खर्च करावा लागला.

सोनेरी व किहान्सी भेकांच्या ऱ्हासाशी ज्याचे नाव जोडले जाते, ते कवक बेडकाच्या त्वचेवर वाढते. बेडूक त्वचेतून पाणी व क्षार शोषतो आणि काही अंशी श्वासही घेतो. त्वचा जाड झाली की रक्तातील क्षारांचा तोल बिघडून हृदय बंद पडते. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांत हे कवक असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे सापडलेला प्रकार आशियातील मूळचा असल्याचे दिसते आणि अमेरिका खंडात घडली तशी मोठी मर सह्याद्रीत नोंदली गेलेली नाही. तथापि ज्या जातीचा एकच समूह आहे, तिच्या बाबतीत रोगाची एक साथही पुरेशी ठरू शकते. पावसाच्या लहरीपणाचेही तसेच आहे. पहिल्या सरींनंतर मोठी ओढ बसण्याचे प्रसंग लागोपाठ काही वर्षे आले, तर माँतेव्हेर्देची पुनरावृत्ती होण्यास जमिनीचा एक तुकडाही विकला जाण्याची गरज नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०११ मधील मूल्यमापनात आंबोली भेकाला अतिसंकटग्रस्त या वर्गात टाकण्यात आले. त्याचे ज्ञात क्षेत्र दहा चौ. किमी.पेक्षा कमी असल्याचे त्यात नमूद आहे. कोयना भेक त्याहून एक पायरी अलीकडच्या, संकटग्रस्त वर्गात आहे. त्याचा बराचसा प्रदेश अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे त्याची स्थिती थोडी बरी म्हणता येईल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आंबोलीच्या पठारावरील उभयचरांची वाटणी बारकाईने तपासण्यात आली. संपूर्ण सडा सारखाच उपयोगाचा नसून सुटे दगड, खळगे आणि भेगा यांच्या वाटपावर भेकांची संख्या अवलंबून असते, असे तीत दिसले. सड्यावरील सुटे दगड हलविणे, बांधासाठी किंवा चुलीसाठी ते गोळा करणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचाही भेकांच्या निवाऱ्यावर परिणाम होतो, हे यावरून लक्षात येते.

२०२०–२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने सह्याद्रीत जी नवी संवर्धन राखीव क्षेत्रे मंजूर केली, त्यांत आंबोली–दोडामार्ग क्षेत्राचा समावेश आहे. त्यामागचा मुख्य हेतू वाघ व हत्ती यांच्या ये-जा करण्याचा वनपट्टा जोडलेला राखणे हा होय. गावठाणालगतचे सडे, जेथे भेक विणतात, ते सर्व त्यात येत नाहीत. एका स्थळापुरते संरक्षण कसे देता येते, याचा नमुना मात्र आंबोलीतच आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील शिवमंदिराच्या कुंडात आढळलेल्या एका लहान माशाचे २०२० मध्ये हिरण्यकेशीच्याच नावाने वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील २·११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आली. देवाच्या कुंडातील मासे न पकडण्याचा गावचा संकेत तेथे आधीपासून होता, त्याला शासनाच्या आदेशाची जोड मिळाली. भेकाच्या खळग्यांवर ना देऊळ आहे, ना संकेत. पावसाळा सरला की ते कोरडे पडतात आणि पुढच्या जूनपर्यंत त्या जागी काही राहत होते, याची खूणही उरत नाही.